तीन सुपडूंची रांग

ललितने आजवर काळ्या खिडकीतल्या एकाही अवजाराला दहापैकी चारच्या वर गुण दिले नव्हते.

काळी खिडकी म्हणजे संगणकावरची ती जागा, जिथे चित्रं नसतात, बटणं नसतात, नुसती एक काडी लुकलुकत असते. तिथे एक शब्द टाइप करायचा आणि वाट बघायची. आत बसलेलं अवजार मग काम करतं, किंवा करत नाही, किंवा काम करून सांगत नाही. अशी हजारो अवजारं जगभरातल्या लोकांनी फावल्या वेळात लिहून फुकट वाटलेली आहेत. ललितला या व्यवसायात बावीस वर्षं झाली होती. धुळ्यात, देवपुरातल्या घराच्या वरच्या खोलीत बसून तो परदेशातल्या एका कंपनीचं काम करायचा आणि दर रविवारी इंटरनेटवर यातल्या एका अवजाराची तपासणी लिहायचा. वाचक दोन हजार होते. त्यातले निम्मे आपलं अवजार आलं की काय हे बघण्यापुरते येत.

तपासणी अचूक असे, हे त्याच्यामुळे दुखावलेले लोकही मान्य करत. प्रश्न एकच होता आणि तो त्याची बायको ज्योत्स्ना दर दोन महिन्यांनी विचारायची.

“चूक तुम्हाला दिसते, दुरुस्ती तुम्हाला येते, अवजार सगळ्यांना उघडं असतं. मग लिहिण्यापेक्षा दुरुस्तच का नाही करत?”

“पंचाने बॅट धरायची नसते,” ललित म्हणायचा.

“पंचाला निदान उन्हात उभं राहावं लागतं,” असं म्हणून ज्योत्स्ना खाली जायची.

एप्रिलमध्ये ललित दोन दिवस सासुरवाडीला गेला. सासरे, म्हणजे सुपडू आबा, सावद्याच्या पलीकडे चिंचखेड्याला राहत. चार हजार खोडं केळी, आणि केळीतलं आपल्याला सगळं कळतं असा पंचक्रोशीत पसरवलेला लौकिक. निदान जावयापर्यंत तरी तो पसरलेला होता.

गावात केळी बागायतदारांचा एक गट होता. बाग कापणीला आली की शेतकरी गटाच्या ऑफिसात फोन करायचा, त्याचं नाव फाईलीत चढायचं, आणि रोज संध्याकाळी पाच वाजता मुकादम झिपरू एका बोटाने काळ्या खिडकीत ‘रांग’ असा शब्द टाइप करायचा. उद्या कापणीची टोळी कोणाकोणाच्या बागेत जाणार याची यादी प्रिंटरमधून बाहेर पडायची. झिपरू तिच्यावर पेन्सिलीने काहीबाही खुणा करायचा आणि टोळीच्या हातात द्यायचा. सहा वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. ‘रांग’ हे अवजार लिहिलं होतं भुसावळच्या चारुलताने. ती शाळेत गणित शिकवायची, रेल्वे कॉलनीत वडलांबरोबर राहायची, आणि चिंचखेडा तिचं आजोळ होतं. तिने पैसे घेतले नव्हते. गटाने तिला दरवर्षी एक घड पाठवायचा ठराव केला होता आणि तो तीन वेळा पाळलाही होता.

ललितने झिपरूच्या मागे उभं राहून ‘रांग’ बघितली. आबांच्या घरी चहा होईपर्यंत त्याच्या सात सूचना लिहून झाल्या होत्या. पहिली अशी की अवजार मध्येच थांबून ‘हे खरंच तिघे आहेत का?’ असा प्रश्न विचारतं. अवजाराला शंका आली म्हणून माणसाला का छळायचं? चौथी अशी की एकच नाव यादीत तीन-तीनदा येतं, ते एकदाच यावं. उदाहरण म्हणून त्याने ‘सुपडू भिकन पाटील’ या ओळी तिन्ही जशाच्या तशा दिल्या. नाव सासऱ्यांचं होतं हे त्याला दिसलंच. पण आबांचा स्वभाव घाईचा, तीनदा फोन केला असेल, असं त्याने ठरवलं. सातवी अशी की छापायचं आणि मग त्यावर पेन्सिलीने लिहायचं ही पद्धत मागच्या शतकातली आहे, यादी सरळ टोळीच्या मोबाईलवर जावी.

त्याने ‘रांगे’ला दहापैकी दीड गुण दिला.

चार दिवसांनी चारुलताचं पत्र आलं. ‘सर, सातही सूचना अमलात आणल्या. मनापासून आभार.’ ललितला हे आवडलं. त्याने गुण वाढवून सव्वादोन केले.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी सकाळी सात वाजता ज्योत्स्नाचा फोन वाजला. आबा होते. आबा फोनवर असे बोलत, की चिंचखेड्यातून धुळ्याला तो आवाज फोनशिवायही पोचला असता.

“ज्योत्स्ने, काल टोळी काही आली नाही वं. यादीत माहं नाव हाये. मोबाईलवर सगळ्यायनं पाह्यलं. पन टोळी गेली त्या रेडिओवाल्या सुपडूच्या बागेत, घड कापले, आणि माह्या नावापुढे झालं म्हनून लिवलं. मी तीनदा फोन केला. झिपरू म्हने, आबा, तुमची बाग तर कापली गेली. मी म्हनलं, बावा, मी बागेतच उभा हाये, घड माह्या डोक्यावर हायेत!”

“मग आज येतील ना?” ज्योत्स्नाने विचारलं.

“आज संध्याकाळच्या यादीत नाव लागलं तर उद्या येतील. परवा टोळी दुसऱ्या गावाले चालली, सहा दिवस. आणि घड आतापासूनच पिवळे धरू राह्यले. दोन दिवसाच्या वर एक घंटा नाही थांबायचे. बेचाळीस डिगरी हाये अठी.”

ज्योत्स्नाने फोन ठेवला आणि ललितकडे बघितलं. ललित चहात बिस्किट बुडवून विसरला होता.

“रेडिओवाला सुपडू म्हणजे कोण?” त्याने सावकाश विचारलं.

“सुपडू भिकन पाटील.”

“ते तर आबा.”

“आबासुद्धा. आणि पंपवालासुद्धा. गावात तीन आहेत.” ज्योत्स्नाने शाळेत सांगावं तसं सांगितलं, “त्या काळात मुलं जगत नव्हती. मग झालेल्या मुलाला सुपात घालायचे, म्हणजे तो सुपडू. नाहीतर भीक मागून त्याला पहिलं अंगडं शिवायचे, म्हणजे तो भिकन. गावभर बाप भिकन आणि मुलं सुपडू. आता तीनच राहिले म्हणजे कमीच. का हो?”

ललितने बिस्किट चमच्याने बाहेर काढलं. मग त्याने चौथी सूचना सांगितली. ज्योत्स्नाने ती शांतपणे ऐकून घेतली.

“निघा,” ती म्हणाली. “संध्याकाळी पाचच्या आत.”

“तू?”

“मी आले तर आबा माझ्यावर ओरडतील आणि मोकळे होतील. तुम्ही एकटे गेलात तर काही बोलणार नाहीत. जावई आहात. ते तुम्हाला जास्त लागेल.”

ललितने कंपनीकडे एक दिवसाची रजा मागितली. कारणाच्या रकान्यात त्याने ‘कौटुंबिक केळी’ असं लिहिलं, आणि ती मंजूर झाली. फाटकाजवळ त्याची आई सुंदरबाई मेथी निवडत बसली होती. तिला सगळं वरच्या मजल्यावरून ऐकू आलं होतं.

“जाय रे भाऊ, जाय,” ती म्हणाली. “बठ्ठास्ले, सगळास्ले नावं ठेवस. आते एखादं काम बी करी दखाड.”

पारोळ्याला चहा घेताना ललितने चारुलताला फोन लावला. तिला काय झालंय ते चटकन कळलं. बहुधा त्याच्या आधीच कळलं होतं.

“मी जुनं परत आणते सर. एक मिनिटाचं काम आहे.”

“आणा ना! मग मी इथूनच परत जातो.”

“पण जुनं कागदावर निघतं. प्रिंटर गटाने शाळेला देऊन टाकला.”

“का?”

“तुमची सातवी सूचना,” चारुलता म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, हेच ललितला जड गेलं. “शाळेने त्यावर निकाल छापले आणि शाई संपवली. तुम्ही भुसावळला मला घ्या. सुट्टीच आहे मला.”

चारुलता तिशीची होती. हातात पाण्याची बाटली आणि मांडीवर लॅपटॉप घेऊन ती गाडीत बसली. भुसावळ मागे पडेपर्यंत दोघंही हवामानावर बोलले. मे महिन्यात त्या भागात हा विषय लवकर संपतो.

“तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत, की ते तिघं वेगळे आहेत?” ललितने शेवटी विचारलं.

“सांगितलं होतं सर. कोडमध्ये टीप होती. चौथ्या ओळीवर. ‘सुपडू तीन आहेत. इथे हात लावू नका.’”

“मी कोड उघडला नव्हता.”

“ते कळलं मला. उघडला असता तर सूचना सहा झाल्या असत्या.”

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळी होती आणि ती हिरवी होती. कोणाची तरी वेळ अजून आली नव्हती.

“पण टीप तुमची, गाव तुमचं आजोळ. मग तुम्ही तरी का ऐकलंत माझं?”

“तुम्हाला बावीस वर्षांचा अनुभव. मला वाटलं, माझीच टीप चुकली असेल.” तिने बाटलीचं झाकण लावलं. “खरं सांगू? सहा सूचना चांगल्या होत्या. ‘जमलं नाही’ याऐवजी काय जमलं नाही ते आता अवजार सांगतं, झिपरूभाऊ खूश आहेत. तुम्ही लिहिता ते चूक नाही. फक्त तुमचं लिहून झालं की तुमचं काम संपतं, आणि ज्याने वाचलं त्याचं सुरू होतं.”

“पण बघा,” ललित म्हणाला. आता तो ओळखीच्या रस्त्यावर आला होता. “ज्याने त्याने दुरुस्तच करायचं म्हटलं, तर चुका दाखवणार कोण? मी महिन्याला चार अवजारं तपासतो. दुरुस्त करायला बसलो तर वर्षाला एक होईल.”

“एक कमी आहे का सर?”

यावर ललितचं तयार उत्तर होतं. एका मुलाखतीत त्याने ते दिलंही होतं. पण तेवढ्यात सावदा आलं आणि पुढे ट्रॅक्टर आडवा होता.

गटाच्या ऑफिसात एक पंखा, एक संगणक, एक झिपरू आणि तीन सुपडू होते. रेडिओवाल्या सुपडूची बाग कापून झाली होती, पण तो मजा बघायला आला होता. पंपवाला सुपडू आबांइतकाच अडकलेला होता. आबा कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. जावयाला बघून त्यांनी टोपी नीट केली.

“या जवाईबापू. पानी घ्या.”

एवढंच. ज्योत्स्नाचं खरं होतं.

दीड वाजला होता. बाहेर आबांचे घड पिकत होते आणि आत ललितने बाह्या दुमडल्या. त्याच्या मते काम सोपं होतं. नावं सारखी असली तरी माणसं सारखी नसतात. एखादी गोष्ट वेगळी शोधायची, तिचा रकाना करायचा, झालं. अर्ध्या तासात त्याने जन्मतारखेचा रकाना तयार केला. चारुलता शेजारी बसून बघत होती.

“तुमची जन्मतारीख?” त्याने रेडिओवाल्याला विचारलं.

“एक जून.”

“तुमची?”

“एक जून,” पंपवाला म्हणाला.

ललितने आबांकडे बघितलं.

“आमाले तिघायले एकाच दिवशी शाळेत घातलं,” आबा म्हणाले. “गुर्जींनी विचारलं कधी जन्मले. आमचा बाप म्हने, पावसाच्या आधी. गुर्जींनी बठ्ठ्यायले एक जून लिवलं. साल बी एकच.”

जन्मतारखेचा रकाना गेला. त्याच्या जागी मोबाईल नंबरचा आला. तिन्ही सुपडूंनी फाईलीत एकच नंबर दिलेला होता. तो दूध डेअरीचा होता, कारण तिथे कोणी ना कोणी असतं. मग ललितने जमिनीचा गट नंबर घेतला. तो रेडिओवाल्याचा वेगळा निघाला, तेव्हा ललित खुर्चीत टेकून बसला. मग पंपवाला म्हणाला, “माहा आणि आबाचा एकच. बापजाद्यायची वाटनी तोंडी झाली. कोर्टात हाये.”

“किती वर्षं?”

“कोर्टात का? तुमचं लगीन व्हायच्या आधीपासून.”

चार वाजले. ललितने प्रत्येक शेतकऱ्याला अवजारानेच एक क्रमांक द्यावा असं ठरवलं आणि तेही करून दाखवलं. आबांना अठ्ठेचाळीस मिळाला.

“मंग टोळीले कसं कळंल, अठ्ठेचाळीस कोन?” झिपरूने विचारलं.

“त्यांना एक यादी द्यायची. अठ्ठेचाळीस म्हणजे सुपडू भिकन पाटील.”

“कोन्ता?”

पंखा फिरत होता. रेडिओवाल्या सुपडूला हसू आलं आणि त्याने ते खोकल्यात घातलं. टोळीचे मजूर सातपुड्यापलीकडचे, गावात नवखे. मोबाईलवर जे दिसेल तिकडे ते जाणार. साडेचार झाले. आबा मधूनमधून दाराबाहेर, बागेच्या दिशेला बघत होते.

तेव्हा चारुलता बोलली. “झिपरूभाऊ, तुम्ही पूर्वी कागदावर पेन्सिलीने काय लिहायचात?”

“मी? काही नाही ताई. आपली खून.”

“काय खूण?”

“आता… रेडिओ. पंप. असं.”

ललितने बोटं मोडली. एवढंच होतं! बोलीतलं नाव. जुन्या प्रश्नाच्याच जागी, अवजाराने एका नावाचे तिघे दिसले की थांबावं आणि विचारावं: ‘कोणता?’ जे उत्तर येईल ते कंसात लिहून मोबाईलवर पाठवावं. हे आपल्याच पहिल्या सूचनेच्या सरळ विरोधात जातंय हे त्याच्या लक्षात आलं. त्याने ते लक्षातून काढून टाकलं. सोळा मिनिटांत काम झालं, आणि यावेळी चारुलतानेही दोन ओळी दुरुस्त केल्या.

“चला. पहिले रेडिओ, त्यांचं झालंय. दुसरे पंप.” ललितने टाइप केलं. “आबांचं काय लिहायचात, झिपरूभाऊ?”

झिपरूने पंख्याकडे बघितलं. पंखा चांगला चालला होता, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. पंपवाला उठून पाणी प्यायला गेला. रेडिओवाला चपलेचा अंगठा तपासू लागला.

“झिपरूभाऊ?”

“जवाईबापूंसमोर कसं सांगू भाऊ,” झिपरू पुटपुटला. “आणि ते आता बठ्ठ्यायच्या मोबाईलवर जाईन. आधी नुसतं माह्या कागदावर होतं.”

“‘आबा’ लिहू का नुसतं?”

“आबा तर गावात चाळीस हायेत.”

पाचला आठ मिनिटं कमी होती. काळ्या खिडकीत ‘कोणता?’ हा शब्द उभा होता आणि त्याच्यापुढे काडी लुकलुकत होती. ती थांबायला तयार होती, यादी नव्हती. पाचला यादी गेली नाही की टोळी उद्याची बाग दुसऱ्या गावात शोधणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ललितने सासऱ्यांकडे बघायचं टाळलं. त्याला बावीस वर्षांत पहिल्यांदा असं वाटलं, की एखाद्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला न कळलेलं बरं.

आबा उठले. संगणकाजवळ आले. पडद्यावरचा तो शब्द त्यांनी चष्मा वर करून वाचला.

“लिवा,” ते म्हणाले. “उलटा.”

“काय?”

“उलटा सुपडू. पंधरा वर्साचा व्हतो मी. बापानं पहिल्यांदा केळी लावाले पाठवलं. अख्खी वळ कंद उलटे लावले. कोंब खाली, बूड वर.” त्यांनी हाताने दाखवलं. “उगवले बरं का. सगळे उगवले. पंधरा दिवस उशिरा. पन उगवले.”

“सगळे नाही,” चपलेकडे बघत रेडिओवाला म्हणाला. “सात गेले.”

“तुले कोनी विचारलं?”

ललितने टाइप केलं: उलटा. बोटं नेहमीपेक्षा हळू पडली. मग त्याने एंटर दाबलं, आणि टोळीच्या, चाळीस आबांच्या आणि दूध डेअरीच्या मोबाईलवर एकदम टिंग झालं. ‘उद्या सकाळी सहा. एक, सुपडू भिकन पाटील (पंप). दोन, सुपडू भिकन पाटील (उलटा).’ रस्त्यापलीकडच्या किराणा दुकानातून कोणीतरी मोठ्याने हसलं.

आबांनी टोपी काढली, झटकली आणि परत घातली. “चला जवाईबापू. जेवाले.”

रात्री ललितने ज्योत्स्नाला फोन केला.

“तुला माहीत होतं?”

“जन्मापासून.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“कधी विचारलंत?” ज्योत्स्ना म्हणाली. “आणि सांगितलं असतं, तर तुम्ही त्यांना गुण दिले असते.”

सकाळी पंपवाल्याचं आटोपून टोळी आबांकडे आली. प्रमुखाने मोबाईल बघितला, आबांकडे बघितलं आणि नम्रपणे विचारलं, “उलटा आप ही हैं क्या?” आबा म्हणाले, “मीच. या.” संध्याकाळपर्यंत घड कापून, पानांवर मांडून ट्रकमध्ये चढले. कडेच्या ओळीतले एकोणीस पिकलेले निघाले, ते टोळीने आणि शाळेने वाटून घेतले. बाकी सगळे हिरवे गेले.

त्या रविवारी ललितची तपासणी आली नाही. वाचकांपैकी तिघांनी चौकशी केली. ‘रांगे’च्या पानावर मात्र बेंगळुरूच्या एका अनुभवी माणसाने नऊ चुका लिहिल्या. त्यातली पहिली: अवजार मध्येच थांबून ‘कोणता?’ असं विचारतं, हे कोणाच्याही डोक्यात कसं आलं? ललितने उत्तर लिहायला घेतलं, तीनदा खोडलं, आणि शेवटी फक्त चौथ्या ओळीवर एक टीप वाढवली.

तेवढ्यात आबांचा फोन आला.

“जवाईबापू, कामात हाये का? एक विचारायचं व्हतं. ते कंसातलं जरा बारीक अक्षरात येईन का?”

“काळ्या खिडकीत सगळी अक्षरं एकाच मापाची असतात, आबा.”

पलीकडे कुठेतरी पंपाचा आवाज येत होता.

“हे कसलं अवजार मंग,” आबा म्हणाले. “दहात दीड बी नाही देनार मी.”

ललितने जिन्याकडे बघितलं. खालून चहा टाकल्याचा वास येत होता, म्हणजे अजून दहाएक मिनिटं हातात होती. खिडकीचं काही करता येणार नव्हतं. मोबाईलवर पोचणाऱ्या निरोपाचं कदाचित येईल. त्याने लॅपटॉप पुढे ओढला.

“थांबा आबा,” तो म्हणाला. “बघतो.”